उंच बॉनेटच्या गाड्या आणि गोव्यातला पायी चालणारा माणूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एका रविवारच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला. उंच, मोठ्या गाड्या पायी चालणाऱ्यासाठी जास्त धोक्याच्या का, यावर मी चार मुद्दे मांडले आणि तेव्हापासून लोक मला वाटेत, बसस्टॉपवर, देवळाच्या पायऱ्यांवर थांबवून तेच तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची मला सापडलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

धडक ती धडकच. मग मोठ्या गाडीचा एवढा बाऊ कशाला?

धडक शरीराला कुठे बसते यावर माणूस वाचणार की नाही हे बरंचसं ठरतं. छोट्या गाडीच्या बॉनेटची पुढची कड मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत येते. अशी गाडी आदळली तर पाय मोडतात, पण शरीराचा तोल बॉनेटच्या बाजूला जातो आणि माणूस वर फेकला जातो. हेही भयंकरच आहे, तरी त्यातून उठलेली माणसं आपण पाहिली आहेत. मोठ्या एसयूव्हीची कड जवळजवळ एक मीटरवर असते, आणि पुढचा भाग उतरता नसून भिंतीसारखा उभा असतो. पाच फुटी बाईच्या शरीराचा भारमध्य बेंबीच्या आसपास, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरवर येतो. धडक त्याच्या वर बसली की शरीर वर जात नाही. ते पुढे आणि खाली ढकललं जातं, चाकांच्या वाटेत. पोट, बरगड्या, छाती यांना थेट मार बसतो. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर ती कड डोक्याच्याच पातळीला येते.

वजनाचाही मुद्दा लोक काढतात. माझ्या मते पायी चालणाऱ्यापुरता तो दुय्यम आहे. गाडी एक टनाची असो की दोन टनांची, पन्नास किलोच्या माणसापुढे दोन्ही डोंगरच. त्याच्यासाठी फरक पडतो तो उंचीने आणि आकाराने.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने पादचाऱ्यांना झालेल्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १०२ सेंटिमीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत माणूस दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०२४ मध्ये हवाई विद्यापीठातल्या एका अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासात पुढचा भाग १० सेंटिमीटरने उंच झाला की पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. १० सेंटिमीटर म्हणजे आपल्या तळहाताची रुंदी आणि वर थोडं.

हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे काय?

हाडं तिथेही तीच आणि इथेही तीच. आपल्याकडे फरक आहे तो पायी चालणाऱ्यांच्या संख्येत आणि त्यांना मिळणाऱ्या जागेत, आणि दोन्हींमुळे आपला धोका वाढतोच.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दर पाचांतला एक. याच काळात बाजारही बदलला. २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त एसयूव्ही आणि त्या प्रकारच्या मोठ्या गाड्या होत्या. पूर्वी वाड्यावर एखादी जीप असायची. आता हॅचबॅक शोधावी लागते.

गोव्यात २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी रस्त्यावर अडीचशेहून जास्त माणसं गेली. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्यात हा आकडा किती मोठा आहे हे सांगायला नको. इथे प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी नाव असतं.

गोव्याच्या रस्त्यांत असं वेगळं काय आहे?

हे मी टेप लावून मोजलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या गावात शाळेच्या वळणावर एका बाजूला चिऱ्यांचा जुना गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत आहे, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. गडग्यापासून गटाराच्या काठापर्यंत रस्ता ४ मीटर ९० सेंटिमीटर भरतो. फूटपाथ नाही, साइडपट्टी नाही. ट्रक अडीच मीटर रुंद असतो. कायद्याने तो २.६ मीटरपर्यंत असू शकतो. समोरून अल्टो आली तर तिची रुंदी १.४९ मीटर. दोन्ही समोरासमोर आल्या तर उरतात ९१ सेंटिमीटर. दप्तर पाठीला असलेलं मूल गडग्याला चिकटून कसंबसं उभं राहील. आता अल्टोच्या जागी स्कॉर्पिओ-एन ठेवा. रुंदी १.९१७ मीटर, म्हणजे उरले ४८ सेंटिमीटर, तेही दोन बाजूंना वाटून. बाहेर आलेले आरसे धरले तर काहीच उरत नाही.

त्या गडग्यावर ओरखडे आहेत. जांभ्या दगडाच्या लाल अंगावर आडव्या पांढरट रेघा, काही जुन्या शेवाळलेल्या, काही अगदी ताज्या, खाली दगडाची भुकटी पडलेली. जमिनीपासून सव्वा मीटरवर बहुतेक आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे एक वेळ अशी, की त्या क्षणी गाडी आणि गडगा यांच्यात कोणी नव्हतं. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर त्या वळणावर आधी भोंपू वाजवतो, थांबतो, कान देतो आणि मग सायकल पुढे काढतो. मोठी गाडी आली तर तो सायकलीसकट गटारावरच्या फरशीवर चढतो. एकदा फरशी सरकली आणि टोपलीतले पाव गटारात गेले. त्याचा गुडघा फुटला. ट्रक थांबला नाही, कदाचित त्याला कळलंही नसेल.

आपले गावरस्ते बैलगाडीच्या वाटांवरून आणि शेतांच्या बांधांवरून झाले. कडेला घरं, विहिरी, तुळशीवृंदावनं, खुरीस (क्रूस). हे हटवून रस्ते रुंद करा असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि चालणाऱ्याची जागा तेवढीच राहते.

उंच बसलं की जास्त दिसतं ना?

लांबचं जास्त दिसतं. जवळचं कमी दिसतं, आणि चालणारा माणूस जवळ असतो.

माझ्या मेहुण्याने मोठी एसयूव्ही घेतली तेव्हा आम्ही अंगणात एक गोष्ट करून पाहिली. तो चालकाच्या जागी बसला. मी बंपरला टेकून प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. दिसत नाही म्हणाला. एक पाऊल मागे घेतलं, दुसरं घेतलं. दिसत नाही. स्टुलावर घागर ठेवली, तरी नाही. मग माझी भाची, पहिलीत जाणारी, स्वतःहून पुढे येऊन उभी राहिली आणि हात वर केला. तो म्हणाला, ‘बोटं दिसतात.’ गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात होती, तरी मी तिला लगेच बाजूला घेतलं. मेहुणा खाली उतरला आणि बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा होता. तेव्हापासून तो गाडी काढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो.

तुमच्या अंगणात हे नक्की करून पाहा, पण मूल उभं करू नका, बादली पुरेशी आहे.

दुसरी आंधळी जागा म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. मोठ्या गाड्यांत ते जाडजूड असतात. वळताना रस्ता ओलांडणारा माणूस त्या खांबामागे लपतो, आणि गाडी वळते तसतसा खांबही त्याच्यासोबत सरकत राहतो. अमेरिकेत डावीकडे वळताना पादचाऱ्याला उडवण्याचं प्रमाण एसयूव्ही आणि पिकअपमध्ये छोट्या गाड्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं. त्यांची वाहतूक उजव्या बाजूने चालते. आपल्याकडे तेच उजव्या वळणाला लागू होईल.

ट्रक तर पूर्वीपासून आहेत. मग आताच ओरड का?

ओरड तेव्हाही होती. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या माणसांना विचारा. लोहखनिजाच्या खाणी जोरात असताना उसगाव, होंडा, कुडचडे भागात रस्ता ओलांडायला ट्रकांच्या रांगेत फट शोधावी लागायची, आणि लाल धुळीत समोरचा माणूस दिसत नसे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचं (खाणींच्या भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा शांतता झाली. ती शांतता पुष्कळांच्या चुलीवर आली, हे मी विसरत नाही. माझ्या वाड्यावर कर्ज काढून ट्रक घेतलेली घरं आहेत. २०२४ पासून खाणकाम टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात गावातली एक पिढी ट्रकांविना मोठी झाली. त्या मुलांना ट्रकाची सवय नाही. शिवाय आता ट्रकासमोर जीप किंवा स्कूटर येत नाही, रुंद एसयूव्ही येते.

ट्रकाचा धोका समजून घ्यायला दोन गोष्टी पुरेत. एक, चालक उजवीकडे उंचावर बसतो, त्यामुळे डाव्या दाराखालचा भाग त्याला दिसत नाही, आणि आपल्याकडे चालणारे, सायकलवाले नेमके त्याच बाजूला असतात. दोन, वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत जात नाही, आतल्या बाजूला कापत जातं. ट्रकाचं तोंड तुम्हाला सोडून पुढे गेलं म्हणजे सुटलो असं समजून माणूस हलतो आणि मागच्या चाकाखाली सापडतो. मुलांना हे फळ्यावर आकृती काढून शिकवायला हवं.

लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकांना चालकाच्या जागेवरून थेट किती दिसतं यावर तारे देतात, आणि पुरेसे तारे नसतील तर जादा कॅमेरे-सेन्सर लावल्याशिवाय शहरात येऊ देत नाहीत. मार्च २०२१ पासून तिथे याची अंमलबजावणी होते. आपल्याकडे ट्रकाच्या डाव्या बाजूचा एक गोल आरसा लावणं काही फार खर्चाचं नाही.

आणि खेपांचा प्रश्न. जितक्या खेपा तितके पैसे, हा हिशेब असेल तोवर चालकाला सावकाश चल म्हणणं म्हणजे त्याला कमी कमव म्हणणं आहे. खेपांची मर्यादा वरून ठरली पाहिजे.

सगळा दोष भाड्याच्या गाड्या घेऊन फिरणाऱ्या पर्यटकांचाच नाही का?

नाही. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी दिसली की आपण लगेच बोट दाखवतो, आणि कारणंही आहेत. ज्याने घरी छोटी गाडी चालवली तो सुट्टीत उघड्या टपाची मोठी गाडी घेतो, फोनवरचा नकाशा त्याला हमरस्त्याची गर्दी टाळायला हडफडे-हणजुणेच्या आतल्या गल्ल्यांतून नेतो, आणि त्या गाडीची रुंदी त्याच्या अंगवळणी पडलेली नसते. किनाऱ्यावर गाडी उतरवणारेही आहेत. मनाई आहे, गुन्हे नोंद होतात, तरी उतरवतात. वाळूत माणसं पहुडलेली असतात, मुलं खड्डे खणत असतात.

पण शाळा सुटताना फाटकासमोर आडव्या लागणाऱ्या गाड्या आपल्याच पालकांच्या असतात. बाजाराच्या दिवशी म्हापशाच्या गर्दीत चालणाऱ्यांच्या अंगावर हॉर्न वाजवत गाडी घालणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो.

आमच्या गाडीला पाच तारे आहेत. ती सुरक्षित नाही का?

आत बसलेल्यांसाठी आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीचे तारे गाडीतल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी आहेत. बाहेरच्या माणसाला गाडी किती इजा करेल याचे वेगळे तारे त्यात नाहीत. युरोपच्या चाचणीत पादचाऱ्याच्या संरक्षणाचे गुण वेगळे दाखवतात. आपल्याकडेही ते दाखवावेत, शोरूममध्ये काचेवर चिकटवावेत, असं मला मनापासून वाटतं.

पुढे लोखंडी गार्ड लावला तर?

लावू नका. असला तर काढा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदेशीर असल्याचं राज्यांना कळवलं आहे. बंपर आणि बॉनेट काही प्रमाणात दबून धक्का खातात. लोखंडी नळी दबत नाही, तो सगळा धक्का समोरच्याच्या हाडांत जातो. तुमच्या स्वतःच्या एअरबॅगच्या सेन्सरलाही ती अडथळा आणते. जे दुरुस्तीच्या बिलापासून वाचायला लावतात, त्यांनी एकदा समोर आपलीच आजी उभी आहे असं डोळ्यांपुढे आणावं.

चूक चालकाची असते. गाडीला कशाला दोष?

चालक चुकतोच. माणूस आहे. प्रश्न हा, की त्याच्या एका चुकीची किंमत समोरच्याने किती मोजायची. तीच डुलकी, तीच फोनकडे गेलेली नजर, पण उतरत्या बॉनेटच्या गाडीत पाय मोडतो आणि उभ्या भिंतीच्या गाडीत माणूस जातो.

वेगाचंही तसंच. ताशी ३० चा ५० झाला की धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. ५० च्या वेगात चालक ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी चौदा मीटर पुढे गेलेली असते. आमच्या शाळेच्या फाटकापासून वळणापर्यंतचं अंतर अकरा मीटर आहे. मोठ्या, बंद काचांच्या, आवाज न येणाऱ्या गाडीत वेग जाणवत नाही, हे मेहुण्याची गाडी चालवताना मी स्वतः अनुभवलं. मला वाटत होतं चाळीसने चाललोय, काटा साठीजवळ होता.

माणसं आणि गाड्या जिथे एकत्र वावरतात तिथे कमाल वेग ३० असावा, हे रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे.

रात्री समोरचे दिवे डोळ्यांत जातात. त्याचाही याच्याशी संबंध आहे?

आहे. दिवे जितके उंच, तितके ते चालणाऱ्याच्या आणि स्कूटरवाल्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. पावसात ओल्या रस्त्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही. गावात डिपर वापरा, आणि जादा एलईडी लावले असतील तर उतरवा.

घरात सहा माणसं, आईचे गुडघे दुखतात, पावसात रस्त्यावर पाणी. मग एसयूव्ही घेऊच नये का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि विचारणारे माझेच शेजारी आहेत. गरज असेल तर घ्या. पण घेताना शोरूममध्ये गाडीच्या पुढे उभे राहा आणि बॉनेटची कड तुमच्या कुठे येते ते पाहा. छातीपर्यंत येत असेल तर दुसरं मॉडेल बघा. सात माणसं बसतील अशा, पण उतरत्या नाकाच्या, बसक्या गाड्याही मिळतात. त्यांत आईला चढणं-उतरणंही सोपं जातं. पुढचे-मागचे कॅमेरे घ्या, मात्र त्यांच्या भरवशावर राहू नका. चिखल उडाला की कॅमेरा आंधळा. आणि वर्षातून दोनदा घाटात जायचं म्हणून वर्षभर गल्लीत रणगाडा चालवायची गरज नाही. ते दोन दिवस गाडी भाड्याने मिळते.

चालणाऱ्याने स्वतः काय काळजी घ्यावी?

फूटपाथ नसेल तिथे उजव्या बाजूने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. आंधळ्या उजव्या वळणावर मात्र आधीच पलीकडे जा. ट्रकाच्या डाव्या कुशीत थांबू नका. उभ्या मोठ्या गाडीच्या अगदी पुढून किंवा मागून मुलांना जाऊ देऊ नका. आषाढीला पंढरपूरला किंवा शिर्डीला पायी जाणाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात पाठीला चमकणारी पट्टी लावावी, दिंडीच्या पुढे आणि मागे दिवा ठेवावा.

याहून जास्त चालणाऱ्याला सांगू नये असं माझं मत आहे. दोन टन लोखंड घेऊन तो निघालेला नाही.

अपघात पाहिला तर लगेच काय करायचं? नुकसानभरपाईचं काय?

१०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४-अ ने हे संरक्षण दिलं आहे, म्हणून घाबरून बाजूला होऊ नका. गाडीचा नंबर लिहून घ्या. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. इस्पितळात तिची चौकशी करा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. गाडी सापडली असेल तर अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. दुखवट्यात ही मुदत निघून जाते. घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे हे काम सोपवा.

पंचायतीकडून, सरकारकडून नेमकं काय मागायचं?

‘रस्ता सुरक्षित करा’ असा अर्ज देऊ नका, तो फायलीत जातो. जागा, अंतर आणि वेळ लिहा. शाळा भरताना आणि सुटताना अवजड वाहनांना बंदी हवी असेल तर ती जिल्हाधिकारी घालू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये तसा अधिकार आहे. ग्रामसभेचा ठराव जोडला की अर्जाला वजन येतं. गतिरोधक, झेब्रा आणि गटारावर भक्कम झाकणं साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) मागा. गटार नीट झाकलं की तोच फूटपाथ होतो. माझ्या मते गोव्याच्या गावांसाठी याहून स्वस्त उपाय नाही. चालण्यायोग्य फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. अर्जात हे वाक्य जरूर घाला. जादा माल भरलेल्या ट्रकाला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, ही तरतूद वाहतूक पोलिसांना आठवण करून द्या. फोटो काढा, तारीख-वेळ ठेवा.

आम्ही गडग्याचे फोटो, ४ मीटर ९० सेंटिमीटरचा हिशेब आणि पोदेराची सही असा अर्ज दिला होता. चौथ्या खेपेला शाळेच्या वळणावरच्या साठ मीटर गटाराला नवी झाकणं बसली. पुढचे दोनशे मीटर, देवळापर्यंतचे, अजून उघडे आहेत. त्यांचा अर्ज येत्या ग्रामसभेत ठेवणार आहोत. सह्यांचा कागद माझ्याकडे आहे.